शाळवाचा हिरवा फुटवा

हिरवं दिसलं की जनावर सोडायचं, एवढंच वैरणीचं ज्ञान घेऊन मी सासरी आले. माझं माहेर गगनबावड्याकडचं. तिथं पाऊस एकदा बसला की चार महिने उठायचं नाव घेत नाही आणि गवत माणसाच्या छातीला लागतं. दिवाळीनंतर आम्ही ते कापायचो, गंज्या रचायचो आणि उन्हाळ्यात झऱ्याच्या कडेला जे काही कोवळं उगवेल त्यावर म्हशी सोडून निवांत बसायचो. हिरवं खाऊन जनावर मरतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सासर गडहिंग्लजच्या बाजूचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नदीकाठाला ऊस आणि वरच्या अंगाला काळ्या मातीत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. नवरा साखर कारखान्यात कामाला होता, त्याच्या पाळ्या बदलत राहायच्या. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात सासू, मी, एक दुभती म्हैस आणि तिचीच मोठी झालेली वगार, म्हणजे अजून न व्यालेली तरणी म्हैस. सासूला मी आत्या म्हणायचे. गल्ली त्यांना अक्का म्हणायची आणि वचकून असायची.

आत्यांचा आवाज असा की शेजारच्या परड्यातली कोंबडीसुद्धा दचकायची. प्रेमानं बोलल्या तरी भांडल्यासारख्याच वाटायच्या. आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, त्यामुळं त्यांचं बोलणं लांबून ऐकणाऱ्याला एखादा गडीच तावातावानं बोलतोय असं वाटायचं. पण जनावरांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. माघ सरला, शाळू काढून झाला, की त्यांचा खरा हंगाम सुरू व्हायचा.

उन्हाळ्याची वैरण कशी पुरवायची याचा सगळा आराखडा त्यांच्या डोक्यात असायचा. गुऱ्हाळं आणि कारखाने चालू आहेत तोवर उसाचे वाडे, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे. ते संपले की कडबा, पण सकाळी एकदा आणि सांजच्याला एकदा, मोजून. मधल्या वेळात बांधावरची हरळी. तीही म्हैस मोकळी सोडून नाही. बांधावर खुंटी ठोकायची, दावं लांब ठेवायचं, तेवढा गोल चरून झाला की खुंटी दोन पावलं पुढं. एका बांधाची पाळी संपली की त्या बांधावर पंधरा दिवस जनावराचा पाय पडू द्यायचा नाही. आणि गावाच्या वरचा माळ तर वळीव पडल्यावरही लगेच उघडायचा नाही. माळावर नुसतं पोपटी दिसायला लागलं की पोरं गुरं घेऊन धावायची, आणि आत्या वाटेत उभ्या राहून ओरडायच्या, "आरं, मूळ तरी धरू दे की त्येला! आत्ता खाल्लंसा तर आषाढात माती खाणार हाय काय?"

गल्लीतली माणसं जनावर सोडण्याआधी आमच्या दारात यायची. "अक्का, सोडू का?" एवढंच विचारायची. आत्या उठायच्या, पदर खोचायच्या, त्या माणसाच्या रानात जायच्या. वाकून एखादं धाट उपटायच्या, बोटात चुरगळायच्या, स्वतःच्या नडगीला लावून बघायच्या, आणि 'सोड' नाहीतर 'थांब' म्हणायच्या. कारण कधी सांगायच्या नाहीत. कुणी विचारायचंही नाही, कारण तिथल्या माणसांना ते लहानपणापासून ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलं नाही. का विचारलं नाही, तर ताठा. मी काय जनावरांत वाढले नव्हते की काय!

त्या घरातला तो माझा पहिलाच चैत्र. लग्नानंतर वर्ष होत आलं होतं आणि आत्यांनी अजून एकदाही मला म्हैस बाहेर न्यायला सांगितली नव्हती. शेण काढ, धार काढ, पेंड भिजव. चारायला मात्र त्या स्वतः. मला ते लागायचं. गगनबावड्याच्या पोरीला म्हैस चारता येत नाही असं वाटतं की काय या बाईला, असं मी मनातल्या मनात धुसफुसत राहायचे.

त्या वर्षी वळीव लवकर आला. एकच जोराचा फटका, मग पुन्हा कडक ऊन. आमच्या वरच्या रानातला शाळू कापून झाला होता, पण नांगरट राहिली होती, त्यामुळं कापलेल्या ताटांचे बुडखे तसेच उभे. आठवड्याभरात त्या बुडख्यांना फुटवे आले. चहूकडं करपलेलं रान आणि मध्ये आमचा तो तुकडा, वीतभर उंचीचा, हिरवागार. मी रोज परड्यातून बघायचे आणि मला माहेर आठवायचं.

चैत्री पुनवेला आत्या जोतिबाला निघाल्या. गल्लीतल्या बायका टेंपो करून जायच्या, दोन रात्री मुक्काम. निघताना त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा करत मला सांगितलं, "कडबा घाल, पाणी दाव, पर जनावरं बांधूनच असू देत. सोडू नगंस." मी हो म्हटलं. का सोडायची नाहीत, ते त्या बोलल्या नाहीत. माझ्या कानांनी मात्र परस्पर त्याचा अर्थ लावला: तुझ्यावर भरवसा नाही.

म्हैस दुधाला आटत चालली होती. मला वाटलं, दोन दिवस चांगलं हिरवं पोटात गेलं तर दूध वाढेल. आत्या येतील, कासंडी भरलेली बघतील आणि एकदा तरी म्हणतील की सून कामाची आहे. हे सगळं मी मनाशी इतकं रंगवलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी कडबा घालायचंही टाळलं. भूक राहिली तर जनावर जास्त खाईल, असा माझा हिशेब. दुपार कलल्यावर दोन्ही जनावरं सोडली आणि वरच्या रानात नेली.

वगार चंचल. ती बांधावरची हरळी हुंगत, मधेच एखादा फुटवा तोडत इकडं तिकडं करत राहिली. म्हैस मात्र सरळ फुटव्यात शिरली आणि मान वर न काढता खायला लागली. करकर असा आवाज येत होता. मी बांधावर बसले होते, पाय हलवत, आणि खरंच सांगते, लग्नानंतर इतकं समाधान मला त्या दिवसापर्यंत कधी वाटलं नव्हतं.

अर्धा तासही झाला नसेल. म्हशीनं मान वर केली. नाकपुड्या फेंदारल्या, श्वास भात्यासारखा व्हायला लागला. मला वाटलं पाणी हवं असेल. मी उठेपर्यंत तिचे मागचे पाय थरथरायला लागले होते. ती दोन पावलं चालली आणि पुढच्या गुडघ्यांवर बसली.

आमच्या बांधाला लागून बौद्धवाड्यातल्या एका बाईचं अर्धा एकर रान होतं. मिरचीला पाणी पाजत होती ती. तिनं बघितलं आणि खोरं टाकून धावत आली. "अगं बया, कुणी सोडली ही? किराळ लागलं की गं!"

किराळ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. शाळवाच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. पाण्याच्या ताणावर असताना फुटलेला, वीतभरच वाढलेला फुटवा तर सगळ्यात वाईट. ताटं पोटरीला आली, म्हणजे कणसं निसवायच्या बेताला आली, की त्यातलं विष उतरतं. वाळलेल्या कडब्याला तर कसलीच भीती नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसती म्हणत राहिले, "मला माहीत नव्हतं. वहिनी, मला माहीत नव्हतं."

"ते ऱ्हाऊ दे! पळ, डेरीतनं डॉक्टरला फोन लाव. मी वगार वडतो बाहीर."

मी अनवाणीच पळाले. दूध डेअरीतल्या फोनवरून डॉक्टरांना कळवलं आणि तशीच परत आले. तोवर त्या बाईनं वगारीला ओढत बांधापलीकडं नेऊन बांधली होती, घरून गूळ मागवून त्याचं पाणी म्हशीच्या घशात घालायचा प्रयत्न केला होता. म्हैस आडवी पडली होती. तोंडाला फेस. डोळे उघडेच. मी तिचं डोकं मांडीवर घ्यायला गेले, पण म्हशीचं डोकं काय मांडीवर मावतं! शिंगाला धरून बसले. डॉक्टरांची जीप येऊन रस्त्यात घोटाळली तेव्हा ती बाई बांधावर उभी राहून ओरडत होती, "पावणं, हिकडनं या, हिकडनं!" डॉक्टर पोचले, पण म्हैस आधीच गेली होती. वगारीच्या मानेच्या शिरेत त्यांनी इंजेक्शन दिलं. तिनं फुटवा थोडाच खाल्ला होता. ती वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानाच्या कोपऱ्यात खड्डा खणायचं काम चालू होतं. नवरा खाली मान घालून उभा. तो मला एक शब्द बोलला नव्हता, आणि त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं. भाऊकीतली माणसं जमली, गल्लीतल्या बायका जमल्या. घरात नवी सून, वर्ष पुरं व्हायच्या आत दुभती म्हैस गेलेली. कुणी अजून तोंड उघडलं नव्हतं, पण बायका माझ्या पायांकडं बघत होत्या. पांढऱ्या पायाची. हा शब्द एकदा चिकटला की तो जन्मभर निघत नाही. पुढं घरात मूल आजारी पडो की विहिरीचं पाणी आटो, बोट तुमच्याकडंच.

तेवढ्यात यात्रेचा टेंपो आला. आत्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं असावं. त्या थेट रानात आल्या, केसांत गुलाल, खांद्याला पिशवी तशीच. म्हशीजवळ गेल्या. वाकून तिच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ही म्हैस त्यांनी रेडकू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवली होती.

भाऊकीतल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सूनबाई, म्हस सोडली कुणी?"

मी उत्तर द्यायच्या आत आत्या म्हणाल्या, वळून न बघता, "मी सांगून गेलतो तिला, सोड म्हणून. आता फुटवा चालतोय असं वाटलं मला. माझाच अंदाज चुकला."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गप्प बसले. बौद्धवाड्यातली ती बाई खड्ड्याच्या पलीकडं उभी होती. तिला खरं काय ते पक्कं ठाऊक होतं. तिनं आत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खोरं उचलून माती ओढायला लागली.

मी गप्प बसले, हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

घरी आल्यावर आत्या एवढंच म्हणाल्या, "वगारीला पाणी दावलंस?" नंतर कित्येक दिवस त्या सवयीनं दोन्ही जनावरांची पेंड भिजवायच्या आणि मग गेलेल्या म्हशीच्या वाटची घमेल्यात तशीच राहायची. माझ्यावर ओरडल्या मात्र नाहीत. उलट पहिल्यांदाच हाताला धरून रानात घेऊन गेल्या. "आता सांगतो, नीट ऐक. मी सांगायला पायजे हुतं, सांगितलं न्हाय. तू पावसाळी मुलखातली, तुला काय ठावं!" मग एकेका बांधावर उभं करून सांगत राहिल्या. सकाळी पोटात कोरडं गेल्याशिवाय हिरव्यावर सोडायचं नाही, पोट फुगतं. माळावरच्या कुसळी गवताला कुसळं धरली की जनावराचं तोंड फाटतं, ते त्याआधी तरी चारायचं नाहीतर मग कापून तरी आणायचं. शाळवाचा फुटवा गुडघ्याला लागला तरी फसायचं नाही, पोटरी धरलेली दिसली पाहिजे. मी सगळं ऐकलं. इतकं मन लावून मी शाळेतसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

पण आमच्या दारात आता कोणी येईना. वैशाखात माळ उघडायची वेळ आली, लोकांनी आपापल्या मनानं गुरं सोडली. आत्या सवयीनं वाटेत जाऊन उभ्या राहिल्या, ओरडल्या, "मूळ धरू दे की!" आणि एक बाप्या हसत म्हणाला, "ऱ्हाऊ दे अक्का, तुझा अंदाज कळला सगळ्या गावाला." आत्या घरी आल्या, चूल पेटवली आणि जेवण होईपर्यंत बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की घर खायला उठायचं. सबंध वर्षात फक्त ती बौद्धवाड्यातली बाई विचारायला यायची. "अक्का, सोडू का?" तिला येताना बघून आत्यांचा चेहरा उजळायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढच्या वर्षी पुन्हा चैत्र आला. पुन्हा वळवाचा एक शिडकावा झाला, पुन्हा कुणाकुणाच्या न नांगरलेल्या रानात शाळवाला फुटवे आले. एका संध्याकाळी मी डेअरीत दूध घालायला गेले होते. वगार व्याली होती, तिचं पहिलं वेत. रांगेत बायका होत्या. कुणीतरी म्हणालं, फुटव्यावर सोडावी का म्हैस. तर पुढची एक बाई, जिभेला हाड नसलेली, म्हणाली, "अक्काला इचार की! ती सांगंल. म्हस डायरेक्ट जोतिबाला पोचती मग." सगळ्या हसल्या.

मला काय झालं कुणास ठाऊक. माझ्या हातातली किटली मी खाली आपटली, झाकण उडून पडलं.

"म्हैस मी सोडली होती," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, आत्यांसारखा वाटला. "आत्या मला बांधून ठेव म्हणून सांगून गेल्या होत्या. मी ऐकलं नाही. सकाळचा कडबासुद्धा घातला नाही. त्यांचा अंदाज कधीच चुकला नव्हता. त्या खोटं बोलल्या ते माझ्यासाठी. आता म्हणा मला काय म्हणायचं ते. पांढऱ्या पायाची म्हणा, नाहीतर काळ्या तोंडाची म्हणा."

दूध मोजणारा माप हातात धरून तसाच उभा. मी झाकण उचललं, दूध घातलं आणि घरी निघाले.

माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. आत्या दारातच उभ्या. "तुला कुणी सांगितलावता गं शानपणा करायला?"

"आत्या, लोक तुम्हाला हसत होते."

"हसू देत की! मला कोण काय करणार हाय? माझं दिवस सरलं. तुला हिथं जलम काढायचा हाय, पोरंबाळं व्हायची हाईत. एक म्हस गेली ती गेली, तिच्यापायी माझ्या सुनंला कुणी नाव ठेवलेलं मला खपायचं न्हाय, एवढंच बघितलं मी." आणि मग आवाज एकदम खाली आला. "वरीसभर गप बसलीस. आणि थोडी गप बसली असतीस तर काय बिघाडलं असतं?"

"तुम्हाला कुणी विचारायला येत नव्हतं, ते मला बघवत नव्हतं."

त्या आत जाऊन भांडी वाजवत बसल्या. दोन दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता दोघींचंही गेलं. त्यांचं खोटं उघडं पडलं आणि माझं नाव बुडालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. डेअरीतली तीच जिभेला हाड नसलेली बाई, दाव्याला म्हैस धरून उभी. जरा ओशाळलेली. बघत होती जमिनीकडं. "अक्का," ती म्हणाली, "आमच्या खालच्या रानात फुटवा आलाय. सोडू का?"

आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मला वाटलं आता उठतील, पदर खोचतील. वर्षभर त्या याच एका प्रश्नाची वाट बघत होत्या, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या उठल्या नाहीत. मान वर न करता माझ्याकडं हात केला.

"तिला इचार. तिला जेवढं कळलंय तेवढं आता कुणालाच न्हाय."

मी त्या बाईच्या मागोमाग तिच्या रानात गेले. वाकून एक धाट उपटलं, बोटात चुरगळलं. फुटवा गुडघ्याला लागत होता, रंग गडद होता, माझ्या माहेरच्या कुणीही डोळे झाकून जनावर सोडलं असतं. पोटरी मात्र धरलेली नव्हती. मी पाच-सात ठिकाणी वाकून बघितलं, कुठंच नव्हती.

"नका सोडू," मी म्हणाले. "आणि पंधरा दिवस तरी नको."

तिनं माझ्याकडं क्षणभर बघितलं. का, कशावरून, असं काही विचारलं नाही. दावं ओढून तिनं म्हैस मागं वळवली आणि घराकडं चालायला लागली.